आक्काला वरून शहर दाखवायचं राहिलं

माझं काम वजनं उचलण्याचं. हातांनी नव्हे, क्रेननं. कुवेतच्या दक्षिणेकडे तेलाचे कारखाने आहेत. तिथे चाळीस-चाळीस टनांच्या टाक्या, पंप, पाइप एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी बसवायचे असतात. पट्टा कुठे बांधायचा, वारा किती असला तर हात लावायचा नाही, हे सगळं कागदावर मांडून खाली सही करणारा इंजिनियर मी. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी कुणी न विचारता सांगतो, कारण सांगायला आवडतं. मंगफच्या आमच्या फ्लॅटमध्ये दार उघडलं की समोर माझं डिग्रीचं सर्टिफिकेट दिसतं. बायको म्हणते, "देवांना पाठवलंत स्वयंपाकघरात आणि स्वतः बसलात दारात."

त्या सर्टिफिकेटाच्या मागे आक्का आहे. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी बहीण. लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले. नाशिक जिल्ह्यातलं आमचं गाव तसं लहान. शाळा सातवीपर्यंत खाली आणि आठवीपासून वरच्या मजल्यावर. आक्का आठवीत गेली तेव्हा हेडमास्तरांनी मोठ्या मनानं सांगितलं, "चार पोरं लावून देतो, रोज उचलून वर नेतील." पोरं न्यायची. मी तिसरीत होतो, तिचं दप्तर घेऊन मागून चालायचो. जिन्यावर पोरं ओरडायची, "पालखी आली, बाजूला व्हा!" सगळे हसायचे, मलाही हसू यायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर आक्का म्हणाली, मला शाळा नको. घरात कुणी फार विचारलं नाही. पोरीचं मन लागत नसेल, असं धरून चाललो.

त्यानंतर तिची शाळा म्हणजे मी. ओट्यावर धुळीत बोटानं नकाशे काढून तिनं मला भूगोल शिकवला. माझे निबंध तपासले, लाल पेन्सिलीनं. मी डिप्लोमा केला, मग डिग्री केली आणि इकडे आलो. तिनं गावात झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून देण्याचं दुकान टाकलं. आज गावातला कुठलाही दाखला तिच्या हाताखालून जातो. तीनचाकी सायकल हातानं मारत ती दुकानात येते. दुकानाला उतार तिनं स्वतः उभं राहून... बघा, सवयीनं लिहून गेलो. स्वतः समोर बसून गवंड्याकडून करून घेतला. आणि शाळा सोडली त्या दिवसापासून तिनं स्वतःला कुणाला उचलू दिलं नाही. सुताराकडून एक सागवानी फळी करून घेतलीय, हातभर रुंद, कडा गोल घासलेल्या. चाकाच्या खुर्चीवरून पलंगावर, पलंगावरून गाडीत, ती त्या फळीवरून सरकत जाते. वेळ लागतो. कुणी पुढे झालं तर म्हणते, "हात मागं घे. मी काय पोतं हाय का?"

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत मी तिला कुवेतला आणली, महिन्याभराच्या व्हिसावर. विमानतळावर ती फळी एक्स-रेमधून गेली तेव्हा कस्टमवाल्यानं विचारलं हे काय. मी इंग्रजीत समजावू लागलो. आक्कानं त्याच्यासमोर सरळ फळी खुर्चीच्या कडेला टेकवली, बाकावर सरकून दाखवलं आणि परत खुर्चीत आली. तो माणूस छातीवर हात ठेवून हसला. मी मात्र घड्याळ बघत होतो. बाहेर गाडी चुकीच्या जागी लावली होती.

तयारी मी जोरदार केली होती. तिच्या येण्याआधी दोन महिने दर शुक्रवारी टेप आणि लेव्हल घेऊन मी शहरभर हिंडलो. दरवाजे किती रुंद, उतार किती, संडासात खुर्ची वळते का. हवल्लीतल्या एका दुकानाचा उतार इतका उभा होता की त्यावरून पिठाचं पोतंच खाली यावं. कुठे उतार झकास, पण नेमकी त्याच्या तोंडाशी कुणाची तरी मोठी गाडी उभी. सगळं एक्सेलमध्ये भरलं, हिरवं, पिवळं, लाल. मुलगी चौदा वर्षांची, इंग्रजीतच बोलते. ती म्हणाली, "बाबा, इट्स अ व्हेकेशन, नॉट अ शटडाउन." शटडाउन म्हणजे आमचा कारखाना बंद ठेवून मिनिटामिनिटाच्या हिशोबानं करायची दुरुस्ती. मला ते कौतुकच वाटलं.

पहिले काही दिवस खरंच छान गेले. दस्मानच्या बाजूला समुद्राकाठी फरसबंदी गुळगुळीत, कुठे पायरी नाही. तिथे आक्कानं स्वतःची चाकं स्वतः मारली आणि आम्हाला मागे टाकलं. पोरगी तिच्याबरोबर धावत होती. आक्का ओरडली, "अगं ए, दम लागला का? चार चाकं लागतात त्याला!" तिथेच, पाण्याकडे तोंड करून बसली असताना तिनं मला सांगितलं की तिला एक गोष्ट हवी आहे.

"भाऊ, मला एकदा उंचावर ने."

"कशाला गं?"

"मी कधी उंचावरनं काय पाहिलंच नाही. आपल्या डोंगरावरच्या देवीला पायऱ्या. घराच्या माळवदाला शिडी. विमानात तू मला मधल्या वाटेची सीट घेतली."

मी म्हटलं, "संडासला जायला सोपं पडावं म्हणून."

"मी म्हणाले होते का तसं? बरं, जाऊ दे. तुझं घर कुठं, कंपनी कुठं, समुद्र कुठं, एकदा वरनं दाखव. म्हणजे फोनवर बोलताना मला कळंल तू कुठनं बोलतो. वीस वर्षं झाली, तू बोलतोस आणि मला नुसती वाळू दिसती."

एवढंच तिचं मागणं. महिन्याभरात दुसरं काही मागितलं नाही.

माझ्या एक्सेलमध्ये एक उंच इमारत हिरव्या रंगात होती. वरच्या मजल्यावर काचेची गॅलरी, तिथपर्यंत लिफ्ट. नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात इमारतीचा दोष नव्हता. शुक्रवारी दुपारी साडेतीनची वेळ घेतली. थंडीत इथे पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. त्याआधी तासभर उजेड चांगला असतो, दक्षिणेकडचं लांबवर दिसतं. मी मिनिटामिनिटाचा हिशोब केला होता. गाडीतून उतरताना आक्काला फळीवरून सरकायला जेवढा वेळ लागतो तेवढा मी धरलाच नव्हता. तिथेच उशीर झाला. मी किल्ल्यांचा जुडगा हातात वाजवत होतो. बायको म्हणाली, "अहो, ते वाजवणं बंद करा."

दाराशी आलो तर चार पायऱ्या. उतार बाजूला होता, पण त्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक आणि फाटकाला कुलूप. मी पाहणीला आलो तेव्हा ते उघडं होतं. ते कधी बंद असतं, किल्ली कुणाकडे असते, हे मी विचारलंच नव्हतं. टेपनं मोजता येतं तेवढंच मोजलं होतं. आत बसलेला रखवालदार उठून आला, बांगलादेशचा असावा. म्हणाला, "साहब, चाबीवाला नमाज़ को गया. दस मिनट. बैठिए ना."

आक्का म्हणाली, "बसू की. दहा मिनिटांनी काय होतंय?"

मला ते दहा मिनिटं थांबणं का जड गेलं, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. उजेड जाईल ही एक भीती होतीच. पण खरं सांगायचं तर मला लाज वाटली. इतकी तयारी करणारा मी, मोठा इंजिनियर, आणि घरच्यांसमोर एका कुलपाशी हात जोडून उभा. तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, तुम्ही इकडे?"

आमच्याच साइटवरची कोकणातली पोरं. पोरं म्हणजे तिशी-पस्तिशीतले फिटर आणि क्रेनला वजन बांधणारे रिगर, कंत्राटावर आलेले. कॅम्पात एकटे राहतात, शुक्रवारी धुतलेले शर्ट घालून समुद्रावर येतात. मनानं फार चांगली माणसं. चौघं होते. आक्काला वाकून नमस्कार केला. त्यातला थोरला म्हणाला, "अडलंय कुठे? चार पायऱ्या तर आहेत. आम्ही रोज काय उचलतो, आणि ताईंचं वजन ते काय!"

"उचला रे," मी म्हणालो.

आक्का म्हणाली, "थांब, भाऊ."

मी म्हटलं, "अगं, एक मिनिटाचं काम आहे."

"थांब म्हणते ना मी."

दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा मला ऐकू आलं. गलका होता, वारा होता, असं मी नंतर बायकोला सांगून पाहिलं. ते खोटं आहे.

आमच्या साइटवर नियम आहे. क्रेननं वजन हवेत उचललेलं असताना कुणीही थांबा म्हटलं तरी क्रेन थांबते. कुणीही म्हणजे कुणीही. कालच आलेला हेल्पर असो की झाडूवाला असो. मग चूक कुणाची हे नंतर बघायचं. हा नियम मी दर आठवड्याला माणसांना समोर उभं करून सांगतो. त्या चौघांनीही तो माझ्याच तोंडून ऐकलेला. पण त्या दिवशी सिग्नल मी देत होतो आणि ते माझ्याकडे बघत होते.

चौघांनी चार कोपरे धरले. खुर्ची उचलली. आणि वर येताच त्यांच्यातल्या एकाच्या तोंडून सवयीनं निघालं, "गणपती बाप्पा..." बाकीच्यांनी ओरडून साथ दिली, "मोरया!" त्यांच्या मनात काही नव्हतं. चार माणसांनी मिळून काही उचललं की आपल्याकडे तोंडून तेच येतं. लोक वळून बघू लागले. कुणी हसलं, कुणी टाळ्या वाजवल्या, दोघा-तिघांनी फोन वर केले. आक्कानं दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले होते. त्यामुळे साडी सावरायला हात नव्हता. ती गुडघ्यापर्यंत सरकली. मांडीवरची फळी निसटली, पायऱ्यांवर आपटत खाली गेली आणि एका कोपऱ्याला तडकली.

माझ्या मुलीनं ती उचलून आणली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

वर काचेची गॅलरी होती आणि उजेडही मी म्हटल्याप्रमाणे सोन्यासारखा. मी आक्काच्या मागे उभा राहून हात लांब करून दाखवू लागलो. ते बघ दस्मान, तिथे आपण गेलो होतो. ती खाली हवल्ली. तिकडे लांब, धुरकट दिसतंय ना, त्याच्याही पलीकडे मंगफ, आपलं घर. तिथून पुढे माझा कारखाना. आक्का काचेकडे बघतही नव्हती. साडीच्या निऱ्या पुन्हा पुन्हा पायांवरून खाली ओढत होती, त्या आधीच घोट्यापर्यंत होत्या तरी. मी विचारलं, "दिसतंय ना?" ती म्हणाली, "हो, दिसलं. चला."

उतरताना उताराचं फाटक उघडं होतं. किल्लीवाला बाजूला उभा होता. त्यानं मान लववून वाट दिली. आक्का स्वतः चाकं मारत उतारावरून खाली गेली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. संध्याकाळी त्या चौघांपैकी एकानं मला व्हिडिओ पाठवला. कुण्या ओळखीच्यानं काढलेला. तो मी पाहिला आणि मला काय दिसलं? मला मी दिसलो. हात वर करून सिग्नल देणारा, बहिणीला परदेशात फिरवणारा भाऊ. मी तो गावाकडच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आक्काला कुवेत दाखवतोय.' काका, मामा, चुलतभाऊ, शेजारचे, सगळ्यांचे जोडलेल्या हातांचे इमोजी आले. भाऊ असावा तर असा, असंही कुणी लिहिलं.

आक्का सोफ्याशी बसून लसूण सोलत होती. तिचा फोन वाजायला लागला. तिनं पुसलेल्या हातानं तो उघडला, पूर्ण पाहिला. मग पाकळी सोलायची राहिली होती ती सोलून घेतली आणि म्हणाली, "माझ्या पोटऱ्या पाहिल्या सगळ्या गावानं."

मी फोन हातात घेतला.

"पस्तीस वर्षं झाकल्या होत्या रे मी. पुसून टाक ते."

मी पुसलं. तोवर ते पुढे गेलं होतं.

मग म्हणाली, "शाळेत तू मागनं दप्तर घेऊन यायचास. तुला म्हाईत होतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडलो असतो, आणि भांडणातून काहीतरी निघालं असतं. ती लसणाची ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेली.

पुढचे नऊ दिवस ती घराबाहेर पडली नाही. बायको म्हणायची, "ताई, मॉलमध्ये तरी जाऊ, सगळं सपाट आहे." ती म्हणायची, "माझी हौस फिटली." पण रुसून बसली नव्हती. पुरणपोळ्या केल्या. खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, फोनवर हिंदीत सामान मागवायला शिकली. मुलीला फळी कशी वापरायची ते दाखवलं. मुलगी तडकलेल्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावून देत होती आणि विचारत होती, "आत्या, इज धिस ओके? टाइट आहे का?" मी दारात उभा राहून बघत होतो. आत जाऊन मीही काहीतरी विचारावं असं वाटलं. काय विचारायचं ते सुचलं नाही. आमच्या घरात भावंडं एकमेकांना माफ कर म्हणत नाहीत. आता वाटतं, निदान फळी नवी करून देऊ का एवढं तरी विचारायला हवं होतं.

ती परत गेली. या वेळी मी खिडकीची सीट घेतली होती. पोचल्यावर तिनं फोन केला तेव्हा मी विचारलं, वरून काय दिसलं? म्हणाली, "अंधार होता."

त्यानंतर दर शुक्रवारी बोलणं होतं. पाऊसपाणी, दुकान, कुणाचं लग्न. पूर्वी ती फोन उचलल्या उचलल्या विचारायची, "कुठनं बोलतो?" आता ते विचारत नाही.

यंदा आमच्या इथल्या मराठी मंडळींनी ठरवलं की गावाकडून आई-वडील येतात, कुणाचे गुडघे गेलेले, कुणी खुर्चीवर, तर त्यांना कुठे फिरवता येईल याची एक यादी करावी. काम माझ्याकडे आलं. माझी एक्सेल सगळ्यांना माहीत होती. मी जुनी फाइल काढली आणि पुन्हा हिंडलो. या वेळी प्रत्येक ठिकाणच्या रखवालदाराशी बोललो. कुलूप असतं का, किल्ली कुणाकडे, तो नसला तर दुसरा कोण. यादी मराठीत लिहून काढली आणि गावी आक्काला पाठवली. लिहिलं, 'एकदा तपासून दे.' शाळा सुटल्यापासून तिला मी असं काही म्हटलं नव्हतं.

चार दिवसांनी उत्तर आलं. तिनं यादीची प्रिंट काढून, लाल पेननं तपासून, फोटो पाठवले होते. दोन ठिकाणी शब्द बदलले होते. 'अपंगांना उचलून नेता येईल' अशी एक ओळ मी लिहिली होती, हो, तरीही लिहिली होती, ती तिनं आडवी खोडली होती. कडेला एक नवा रकाना आखला होता, 'किती थांबावं लागतं'. आणि त्या उंच इमारतीपुढे मी लिहिलं होतं, 'खुर्चीवरची माणसं जाऊ शकतात. माझी बहीण जाऊन आली आहे.' त्यातल्या दुसऱ्या वाक्यावर लाल रेघ होती. शेजारी तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'मी इथे गेलेले नाही. मला नेलं होतं.' खाली आणखी एक ओळ होती. 'बसलेल्या माणसाला वरून काय दिसतं ते लिहिलं नाहीस.'

मला ते माहीत नव्हतं. मी उभा होतो.

त्या शुक्रवारी मी एकटा गेलो. फाटकाला कुलूप होतं. रखवालदार तोच. मी पायऱ्या न चढता बाकावर बसलो. किल्लीवाला यायला बारा मिनिटं लागली. मग उतारावरून आत गेलो, लिफ्टनं वर गेलो, आणि तिच्या खुर्चीच्या उंचीचं एक घडीचं स्टूल नेलं होतं त्यावर काचेपाशी बसलो. कठड्याचा आडवा दांडा बरोबर डोळ्यांच्या रेषेत येत होता. दांड्याच्या वर आकाश दिसायचं आणि समुद्राची पलीकडची कड. शहर सगळं दांड्याखाली. ते बघायला मान खाली घालून दांडा आणि त्याखालची बुटकी भिंत यांच्यामधल्या फटीतून डोकवावं लागायचं. मंगफकडची बाजू अजिबात दिसत नव्हती, मध्ये खांब होता. उजव्या टोकाला मात्र एका जागी दांडा संपून नुसती काच होती, दोन-अडीच फूट. तिथे स्टूल सरकवलं तर खाली रस्ता, दस्मानचा काठ, आणि दक्षिणेला लांबवर धूर दिसत होता. मी त्या दिवशी तिला त्या टोकापर्यंत नेलंच नव्हतं. मी माझ्या जागी उभा राहून हात लांब करत होतो.

हे सगळं तसंच यादीत लिहिलं. बारा मिनिटं रकान्यात भरली. बहिणीचं वाक्य काढून टाकलं. शेवटी लिहिलं, 'उजव्या टोकाला बसावं. तिथून मंगफ दिसत नाही, पण मंगफ कुठल्या दिशेला आहे ते कळतं.' ते आक्काला पाठवलं. खाली विचारलं, 'पुढच्या थंडीत येशील का? तू म्हणशील तसं.'

दोन निळ्या खुणा आल्या आहेत. आज तिसरा शुक्रवार. फोनवर ती कांद्याबद्दल बोलली, पोरीच्या परीक्षेबद्दल विचारलं. यादीबद्दल बोलली नाही आणि मीही काढलं नाही.